हजेरीतलं शेवटचं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते माझ्या डोळ्यात थेंब घालायचं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तेरा दिवस झाले होते. दिवसातून चार वेळा हमीदा मला पडवीत खुर्चीवर बसवायची, हनुवटी धरून मान मागं करायची आणि म्हणायची, "आढ्याकडं बघा. माझ्याकडं नका बघू, मी काय नवीन आहे?" त्या दिवशी दुपारनंतरची अस्रची नमाज झाली होती. थेंब पडला, तिनं ओढणीच्या टोकानं माझा गाल पुसला. "पाच मिनिटं मिटून ठेवा, मी सांगेन तेव्हा उघडा," म्हणाली आणि शेजारी बसून सुपात कुळीथ पाखडायला लागली. मी डोळे मिटून तो आवाज ऐकत होतो. मग आवाज थांबला. मग सूप पडलं, कुळीथ पडवीभर सांडल्याचं ऐकू आलं. "काय गो, काय सांडलंस?" मी विचारलं. ती बोलली नाही. मला वाटलं मांजर आली असेल आणि ती तिच्या मागं गेली असेल. मी डोळे उघडले नाहीत. का, तर तिनं उघडा म्हणून सांगितलं नव्हतं... आयुष्यभर बायकोचं ऐकलं नाही आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं. डॉक्टर म्हणाला, चाचा, लगेच बघितलं असतं तरी काही फरक पडला नसता, हार्ट एका क्षणात बंद पडलं. तो असं म्हणणारच. म्हाताऱ्याला दुसरं काय सांगेल?

त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरात लिहायची माझी लायकी नाही. पण पुरवणीत लोक आपल्या माणसांबद्दल लिहितात, हमीदा ते माझ्याकडून वाचून घ्यायची. ती दुसरीपर्यंत गेलेली, तिला जोडाक्षरं आली की अडायचं. म्हणून म्हटलं, तिच्याबद्दल मीच लिहावं. शिवाय माझं एक काम आहे, ते पुढं सांगतो.

आम्ही रत्नागिरीकडचे. मी सौदीत धाहरानजवळ खोबरला परदेशी लोकांच्या मुलांच्या एका शाळेची बस चालवायचो. त्या बसवर मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई लागायची, ते काम हमीदाला मिळालं, म्हणून कंपनीनं फॅमिलीचा व्हिसा दिला. आमची एकुलती एक मुलगी शमा इंडियन शाळेत जायची. बसवर हमीदाचं काम सोपं होतं. मुलं चढली की मुंडकी मोजायची, उतरली की मुंडकी मोजायची, आकडा जुळला की मला म्हणायची, "यल्ला, चला."

एके दिवशी शमाच्या शाळेला सुट्टी होती आणि मी तिला बसमध्ये घेतलं. कायद्यात बसत नव्हतं. हमीदा नको म्हणत होती, मीच म्हटलं, कोण बघतंय? शाळेपाशी बावीस मुंडकी उतरली, रोजच्याएवढीच. मी बस नेऊन मागच्या आवारात लावली. आता तुम्हीच हिशेब करा... उतरलेल्या बाविसांत आमची शमा होती. म्हणजे एक पोर बसमध्येच राहिली होती. सारा नावाची, चार वर्षांची, मागच्या सीटवर झोपलेली. सौदीतलं ऊन, बंद बस. वर्गात सारा दिसली नाही म्हणून तिची टीचर भर आवारातून पळत आली, दार वाजवलं, पोरीला बाहेर काढलं. पोर घामानं निथळत होती, घाबरली होती, पण बाकी धड होती. अल्लाची मेहरबानी आणि त्या टीचरची. तिचं नाव मिस एल्सी.

मिस एल्सी वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावरची. बेटाचं नाव तिनं शंभर वेळा सांगितलं असेल, माझ्या लक्षात राहिलं नाही. हमीदाच्या होतं. रंगानं आमच्यासारखीच, फ्रॉक घालायची, गळ्यात क्रॉस असायचा तो सौदीत कपड्याच्या आत. तिचे पणजोबा-पणजी आपल्याकडचेच, बिहारकडून ऊस तोडायला जहाजानं नेलेले. मोडकं हिंदी बोलायची. हमीदा त्याहून मोडकं. तरी दोघींचं एकमेकींना सगळं कळायचं, मलाच कळायचं नाही. त्या दिवशी मला वाटलं, ही आता वर सांगणार आणि आपण खलास, पुढच्या विमानानं मुंबई. पण तिनं साराच्या आईला काय झालं ते खरं सांगितलं, मला समोर उभं करून माफी मागायला लावली, आणि मग हमीदाला बाजूला घेऊन म्हणाली, "मुंडकी बोकडांची मोजतात. मुलांची नावं घ्यायची. नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही, तर थांबायचं."

तेव्हापासून हमीदा नावं घ्यायला लागली. आणि ती नावं घेते म्हटल्यावर मिस एल्सीनं तिला आपल्या शाळेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ती गोष्ट मी बस चालवताना मागून ऐकली, अर्धी ऐकली, अर्धी इंजिनात गेली. जेवढी राहिली तेवढी सांगतो. साखरेच्या मळ्यांचं बेट. तिथं चर्चच्या एका पाद्रीनं आणि त्याच्या बायकोनं उसाचं वजन करायच्या शेडमध्ये शाळा काढली. मजूर लोक हसले. ऊस तोडायला अक्षरं कशाला लागतात? शिवाय भीती, की पोरींना बाटवतील. पाद्रीण घरोघर फिरली. पहिल्या दिवशी नऊ पोरी आल्या, त्यातली एक मिस एल्सीची नानी. हो, ती "नानी"च म्हणायची. फ्रॉकातली बाई नानी म्हणते, म्हणून हमीदाला तिचं फार नवल वाटलं होतं. त्या नऊ पोरींची नावं शाळेनं टाकून दिली नाहीत. शाळा मोठी झाली, हायस्कूल झालं, तरी रोज सकाळच्या हजेरीत पहिल्यांदा ती नऊ नावं घ्यायची आणि सगळ्या वर्गानं मिळून "हजर" म्हणायचं. त्या नऊजणी मरून गेल्यावरसुद्धा. एकदा वादळात शाळेचं छप्पर समुद्रात गेलं. दुसऱ्या दिवशी मुली चिखलात उभ्या राहिल्या, नऊ नावं झाली, मग बाकीची झाली, मग चर्चमधले बाक बाहेर काढून वर्ग भरला. त्याच वर्षी त्या शाळेची एक पोर सगळ्या बेटात पहिली आली आणि सरकारी खर्चानं डॉक्टर व्हायला गेली. नंतर एक जज्ज झाली. शाळेचा तेलाच्या पिंपांचा बँड होता, तो म्हणे इंग्लंडच्या राणीपुढं वाजला. मी म्हटलं, पिंपं तर आमच्या धाहरानात ढिगानं पडलीत, त्यात काय एवढं. आणि क्रिकेटचं विचारलं, "तुमच्याकडं बायकाही बॉलिंग टाकतात का?" मिस एल्सी म्हणाली, "माझी नानी टाकायची. चपलेनं. नेम चुकायचा नाही." दोघी हसत सुटल्या. मी गिअर बदलला.

मग इराकनं कुवेत घेतलं. कुवेत आमच्यापासून गाडीनं काही तासांवर. गोऱ्या लोकांची मुलं पहिल्यांदा गेली, बसमधली नावं एकेक कमी होत गेली. हमीदा गेलेल्या मुलांचीही नावं घ्यायची आणि स्वतःच "गेला", "गेली" म्हणायची. लढाई सुरू झाली तशी शाळा बंद पडली. मिस एल्सीचा पासपोर्ट तिच्या कफीलकडं, म्हणजे तिचा व्हिसा काढलेल्या मालकाकडं, कफील रियाधला, फोन उचलत नव्हता. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर दोन नर्सबायका राहायच्या, त्यांच्याकडं ती येऊन राहिली. बिल्डिंगमधले सगळे तसेच, कुणाचा कागद अडकलेला, कुणाचा पगार. आम्हाला कंपनीनं गॅसचा मास्क दिला. कामगाराला एक, फॅमिलीला नाही. एक मास्क आणि तीन नाकं. शमाला मोठा व्हायचा, हमीदा हात लावायची नाही, मला लाज वाटायची. टीव्हीच्या वर खिळ्याला लटकत राहिला तो लढाई संपेपर्यंत.

शाळा बंद म्हणून बिल्डिंगमधली पोरं जिन्यात धिंगाणा घालायची. शमा धरून अकरा पोरं. केरळची होती, हैदराबादची होती, एक पाकिस्तानी कुटुंब, एक सुदानी. मिस एल्सी म्हणाली, आमचं छप्पर गेलं तेव्हा आम्ही काय केलं? आणि तळमजल्यावरच्या खोलीत शाळा भरवली. तीच खोली आम्ही खाकी टेप लावून बंद केली होती, खिडकीला प्लॅस्टिक, दाराच्या फटीला ओला टॉवेल. शिकवायचं मिसनं आणि हजेरी हमीदाची. पहिल्यांदा ती नऊ नावं, मग अकरा. एका संध्याकाळी मगरिबच्या सुमाराला सायरन झाला. सगळे धावत खोलीत. मी टॉवेल ओला करतोय आणि ही मधोमध उभी राहून नावं घेतेय. मी ओरडलो, "अगो, वर मिसाईल येतंय आणि तू वेस्ट इंडीजच्या मेलेल्या पोरींची हजेरी घेतेस?"

"तेवढ्यात पोरं गप बसतात," ती म्हणाली. "तुम्ही पण बसा."

खरंच बसायची. नऊ वेळा एका सुरात हजर म्हणेपर्यंत रडणारं पोर रडायचं विसरायचं. नंतरच्या अकरांत प्रत्येकाला आपल्या नावाकडं लक्ष ठेवावं लागायचं. हे मला आज कळतं. तेव्हा मला राग यायचा. मी घरातला पुरुष, मला टॉवेल ओला करण्यापलीकडं काही करता येत नव्हतं, आणि हिला काहीतरी करता येत होतं. राग त्याचाच होता बहुतेक.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, ऑफिसच्या लोकांच्या फॅमिली जेद्दाला हलवायच्यात, उस्मान, बस तू नेणार. नावांचं पत्र मिळालं होतं. दुसऱ्या शहरात जायलासुद्धा पत्र लागायचं. त्यात त्यानं हमीदा आणि शमाचीही नावं घातली होती. मी उड्या मारत घरी आलो. हमीदा भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शमाला न्या."

"आणि तू?"

"पत्रात बाकीच्या दहांची नावं आहेत?"

"ती आपली पोरं आहेत का?"

"उद्या सकाळी हजेरीला उभी राहतील तेव्हा मिस एकटी काय करेल? सायरन झाला की तिला दोनच हात आहेत."

मी खूप बोललो. जे बोलू नये तेही बोललो. म्हटलं, तुला नवऱ्यापेक्षा त्या ख्रिस्ती बाईची शाळा मोठी झाली. ती भाकरी उलटवत राहिली. बस सुटायची वेळ झाली, तिनं शमाला डबा दिला, माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. मी तिच्याशी न बोलता बस चालू केली. आरशात बघितलंही नाही. दीड दिवसाचा रस्ता होता, सगळा वाळूचा... मी तिला एका शब्दानंही निरोप दिला नव्हता.

जेद्दाला बलद या जुन्या भागात आमच्या गावच्या हसनभाईंचं हाजी लोकांसाठीचं छोटं हॉटेल होतं. तिथं आम्ही बापलेक राहिलो. जेद्दाच्या बाजारात सगळं नेहमीसारखं, अत्तरवाले, खजूरवाले, जणू लढाई दुसऱ्याच देशात चाललीय. हसनभाईंच्या काउंटरवर टीव्ही होता. त्यात धाहरानचं आकाश दिसायचं आणि मी त्यात आमची बिल्डिंग शोधत बसायचो. एक दिवस कुणीतरी म्हणालं, खोबरला एका बिल्डिंगवर पडलं. कुठली, ते कुणाला माहीत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये फोन नव्हता. खालच्या किराणावाल्याचा होता, तो लागत नव्हता. तीन दिवस मी काउंटरपाशी बसून होतो. नमाजेला उठायचो तेवढाच. हसनभाई जेवायला बोलवायचे, शमा हात धरून ओढायची. मी म्हणायचो, तू जा. पोर चौदा वर्षांची, तिची आई जिवंत आहे की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि बाप तिला जेव म्हणण्यापलीकडं काही करत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. हसनभाईंनी रिसीव्हर माझ्याकडं टाकलाच. हमीदा.

"तू बरी आहेस ना? आधी ते सांग!"

"ऐका आधी," म्हणाली आणि नावं घ्यायला लागली. पहिल्यांदा ती नऊ. मी ओरडतोय, अगो लाइन जाईल, आणि ती थांबत नाही. नऊ झाली, मग दहा, एकेक नाव, आणि प्रत्येक नावापुढं "हजर", "हजर". म्हणजे सगळी जिवंत होती. ते सांगायची तिची ती पद्धत होती. मग म्हणाली, "शमा?" मी रिसीव्हर पोरीच्या कानाला लावला. "हजर, अम्मी," पोर रडत म्हणाली. मी रिसीव्हर परत घेतला आणि ऐकलं...

"उस्मान?"

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, तिनं मला "शमाचे अब्बा" सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. तीन दिवसांची भीती, निघतानाचा राग, त्यात हे नाव. ती पुन्हा म्हणाली, "उस्मान?" एक शब्द बोलायचा होता. अकरा पोरांना जमत होता तो. मी म्हटलं, "बस कर आता, लाइन कापेल."

"बरं," ती म्हणाली. आणि लाइन कापली.

लढाई संपली, मी परत गेलो. हमीदा वाळली होती, सुरीनं खिडकीची टेप खरवडत होती. म्हणाली, "आलात? चहा ठेवते." मिस एल्सीला पासपोर्ट मिळाला, ती आपल्या बेटावर गेली. जाताना तिनं हमीदाला शाळेचा एक फोटो दिला. दोन मजली इमारत, नवीन छप्पर, पायऱ्यांवर शेदीडशे पोरी. हमीदानं तो आयुष्यभर जपला. आम्ही गावाला परत आलो तरी मोहल्ल्यात कुणी पोरीची शाळा सोडवायला निघालं की ही फोटो घेऊन हजर. "आमच्या शाळेतनं एक जज्ज झाली," म्हणायची. "आमच्या शाळेचं छप्पर उडालं तरी वर्ग चुकला नाही." लोकांना वाटायचं ही सौदीत शिकली. मी एकदा म्हटलं, दुसरी नापास बाई, तुझी कुठली शाळा? म्हणाली, "हजेरी मी घेतली ना? मग माझीच." तिच्या मागं लागण्यामुळं मोहल्ल्यातल्या चार मुली बारावी झाल्या, पाचवी नर्स आहे. शमा पनवेलला शाळेत शिकवते. त्या बेटावरच्या कुणालाच हे माहीत नसेल.

आणि रोज सकाळी फजरची नमाज झाली, चहाचं आधण ठेवलं की हमीदा पुटपुटत हजेरी घ्यायची. नऊ, मग अकरा, आणि सगळ्यात शेवटी माझं नाव. मी खोबरला होतो तोवर खाली बसमध्ये जाऊन हॉर्न वाजवायचो. गावी आल्यावर खोकायचो, नाहीतर म्हणायचो, "इथंच बसलोय, दिसत नाही का? चहा दे." ती दोनदा नाव घ्यायची, मग चहा गाळायची. तीस वर्षांच्या वर. हजर म्हटलं नाही. आधी रागानं, मग सवयीनं, मग इतकी वर्षं झाली की लाज वाटायला लागली, आता एकदम म्हटलं तर ही काय म्हणेल... ती कधी म्हण म्हणाली नाही. मला वाटायचं, म्हणू कधीतरी. घाई काय आहे?

माझं काम आता सांगतो. ती नऊ नावं कुठं लिहिलेली नाहीत. हमीदाला पाठ होती, मी तीस वर्षं ऐकली आणि मला चारच येतात. शमालाही तेवढीच. खोबरच्या त्या खोलीत जी पोरं होती ती आता चाळिशी-पन्नाशीत असतील. त्यांच्यापैकी कुणी, किंवा कुणाच्या ओळखीत कुणी असेल, तर ती नावं कळवा. मी दुसरं काही मागत नाही. डोळ्याच्या थेंबांची बाटली खिडकीत तशीच आहे, अर्धी भरलेली. डॉक्टर म्हणाला, आता घालायची गरज नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळचं सांगून थांबतो. शमा पहाटे पोचली होती, दुपारच्या जोहरच्या नमाजेनंतर दफन होतं, मधल्या खोलीत बायका कुराणातलं यासीन वाचत होत्या. मय्यतीच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी जाऊन तिच्या जागी उभा राहिलो. शेगडी थंड, आधणाचं भांडं पालथं घातलेलं. पडवीतले कुळीथ कुणीतरी गोळा करून डब्यात भरून ठेवले होते. मी म्हटलं, "एस्थर. मार्था. रूथ. दुलारी." दुलारी ती मिस एल्सीची नानी. पुढचं नाव येईना. पुन्हा सुरुवातीपासून घेतली, पुन्हा तिथंच अडलो. तिसऱ्यांदाही. मग बिल्डिंगमधली जी आठवली ती घेतली, पाच-सहा. मग "शमा" म्हटलं. शेवटी माझं नाव राहिलं. स्वतःचं नाव स्वतःच घ्यायचं म्हणजे वेड लागल्यासारखं वाटतं. पण ती घ्यायची तसं घेतलं, दोनदा, मध्ये थोडं थांबून.

"हजर," मी म्हटलं.

आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मधल्या खोलीतल्या बायका वाचता वाचता थांबल्या. मग परत वाचायला लागल्या.